कावळ्याचं घर आणि फलालीनचा फळा



या व्याख्यानमालेसाठी विषय कळवा असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा आम्ही 'फलालीनच्या फळ्यावरच्या गोष्टी' असं लिहून पाठवलं. दुसऱ्याच दिवशी फोन आला. "सर, हे बालवाडीचं शिबिर नाही हो, आपली नेहमीची व्याख्यानमाला आहे." आम्ही म्हटलं, ठाऊक आहे. आयुष्यभर ज्यांना न्याय आणि मीमांसा शिकवली ते विशीतले विद्यार्थी होते, आणि त्यातले निम्मे हजेरीसाठी बसायचे. (हशा) निवृत्तीनंतर जे श्रोते मिळाले ते तीन ते सहा वर्षांचे. गोष्ट आवडली नाही तर ते सरळ उठून जातात. त्यांच्यासमोर बसून जे थोडंफार कळलं ते आज सांगायचं आहे. फळा कसा करायचा, त्यावर गोष्ट कशी सांगायची हे सांगू, आणि २०१९च्या पुरात याच फळ्यावर आमच्या हातून जे घडलं तेही सांगू. खरं तर इथे यायला कबूल झालो ते त्या शेवटच्या प्रसंगासाठी.

आम्ही म्हणजे चौघं. एक बाई तीस वर्षं बालवाडी चालवत होत्या, एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले, एक शिंपीकाम करणारे काका, आणि चौथा हा बोलणारा. प्राध्यापकी सवयीनं आम्ही एकट्यालाही 'आम्ही'च म्हणतो, तेवढं सांभाळून घ्या. आठवड्यातून एक दिवस आम्ही सांगलीतल्या दोन अंगणवाड्यांत आणि एका वाचनालयाच्या बालविभागात जातो. मुलं आम्हाला 'फळ्याचे आजोबा' म्हणतात आणि बाईंना नुसतं 'आजी'.

आता वस्तू काय आहे ते. तुमच्यापैकी ज्यांनी पूर्वी डी.एड. केलं असेल त्यांनी 'फ्लॅनेलबोर्ड' किंवा 'खादीफलक' हा शब्द परीक्षेत लिहिला असेल. शैक्षणिक साधनांच्या यादीत तो असायचा, तक्ता आणि प्रतिकृती यांच्या शेजारी. पाठाच्या दिवशी एकदा वापरायचा, मग कपाटावर टाकायचा. एका फळीवर मऊ, लवदार कापड ताणून बसवलेलं. त्यावर तशाच कापडाची कापलेली चित्रं ठेवली की ती राहतात. खिळा लागत नाही, डिंक लागत नाही. उचललं की निघतं, दुसरीकडे ठेवलं की तिथे राहतं. एवढंच साधन आहे.

चित्र राहतं कसं? लोकरीचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यावर माशासारखे खवले दिसतात, एकावर एक चढलेले, सगळे एका दिशेला तोंड करून. ऊन पाणी आणि साबण लावून लोकर चोळत राहिलं की तंतू एका बाजूनं सरकतात, उलटे मागे येत नाहीत, आणि एकमेकांत असे गुंततात की न विणता कापड तयार होतं. त्याला आपण आज फेल्ट म्हणतो. जुन्या घरांत बसायला बुरणूस असायचा, तो याच जातीचा. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात टाकल्यावर आखडून नातवाच्या मापाचा होतो, तेही हेच. फलालीन मात्र विणलेलं असतं, पण त्याचा पृष्ठभाग घासून लव वर काढलेली असते. या लवेवर फेल्टची लव टेकली की टोकं टोकांत अडकतात. अडकण सैल असते, म्हणून चार वर्षांच्या मुलाच्या बोटांनाही चित्र सहज सुटतं. गोंदानं चिकटवलेलं चित्र आणि हे चित्र यांच्यातला सगळा फरक या सैलपणात आहे, आणि पुढचं आमचं सगळं बोलणं त्यावरच उभं आहे.

चित्र दाखवून गोष्ट सांगणं आपल्याला नवीन नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर धरून, वाद्याच्या साथीनं रामायण-महाभारतातली कथा गातात. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. चित्रकथीच्या चित्रातला राम धनुष्य ताणून उभा असतो तो तसाच राहतो. हलतो तो सांगणाऱ्याचा आवाज. फळ्यावर उलट असतं. मागचं कापड तेच राहतं आणि पात्रं ये-जा करतात. आणि टीव्ही किंवा मोबाईल? तिथे सगळंच हलतं, पण मुलाला त्यात हात घालता येत नाही. बोट लावलं तर जाहिरात येते. (हशा)

बालशिक्षणात गोष्टीला मानाचं पान मिळालं ते गिजुभाई बधेकांमुळे. 'दिवास्वप्न' ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल, त्यातला शिक्षक वर्ग ताब्यात घेतो तो गोष्टीच्या जोरावर. त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी ते महाराष्ट्रात आणलं. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ साली कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ गेल्या, तेव्हा महागडी माँटेसरी साधनं आदिवासी पाड्यावर चालणार नाहीत हे त्यांनी ओळखलं आणि आजूबाजूला मिळेल त्यातून साधनं उभी केली. आम्ही फळा करताना तेच डोळ्यांपुढे ठेवतो. बाजारातले परदेशी बनावटीचे तयार संच सुंदर असतात, पण त्यात डोंगरावर बर्फ असतो, घराला धुराडं असतं, आणि म्हातारीच्या अंगावर झगा असतो. आमच्या मुलांनी त्या म्हातारीला 'मॅडम' म्हटलं.

करायचं कसं ते आता सावकाश सांगतो, ज्यांना लिहून घ्यायचं त्यांनी घ्या.

फळी साधारण दोन फूट बाय तीन फूट. चार मिलिमीटरचं प्लायवूड उत्तम. नाहीतर फ्रिजच्या खोक्याचा दुहेरी पुठ्ठा चालतो, फक्त पावसाळ्यात तो वाकतो. वरचं कापड फलालीन. दुकानात तान्ह्या बाळाच्या दुपट्यांसाठी मिळतं ते, किंवा जुन्या लोकरी कांबळ्याचा धड तुकडा. फलालीन आधी धुऊन वाळवून घ्या, नाहीतर नंतर आटतं आणि कडा सुटतात. कापड फळीपेक्षा चारही बाजूंनी तीन-चार बोटं जास्त ठेवा, ताणून मागे वळवा आणि मागच्या बाजूलाच टाचा किंवा चिकटवा. पुढच्या बाजूला गोंदाचा थेंबही नको. गोंद लवेत मुरतो, कापड कडक होतं आणि नेमकं तिथे चित्र राहत नाही. आमचा पहिला फळा असाच वाया गेला. बँकेतल्या मित्रांनी अख्ख्या फळीला फेविकॉल फासला होता, कारण त्यांना काम पक्कं करायची सवय.

रंग कोणता? सगळीकडे काळा सांगतात, कारण त्यावर रंग उठून दिसतात. आम्हीही काळा केला. आणि पहिलीच गोष्ट घेतली चिमणी-कावळ्याची. कावळा काळा, फळा काळा. (हशा) मुलं विचारायला लागली, आजोबा, कावळा कुठंय? तेव्हापासून आमचा फळा राखी आहे. राखीवर काळंही दिसतं, पांढरंही दिसतं.

चित्रांसाठी तीन मार्ग आहेत. पहिला फेल्टचा. स्टेशनरीच्या दुकानात रंगीत फेल्टचे कागदाएवढे ताव मिळतात. ते बहुतेक कृत्रिम धाग्याचे असतात, लोकरीचे नसतात. तरी काम देतात, मात्र गरम इस्त्री लावू नका, वितळतात. दुसरा मार्ग आमच्या शिंपीकाकांचा. कॉलरच्या आत घालायला शिंपी पांढरं पातळ पेस्टिंग वापरतात, त्यातला न विणलेला प्रकार घ्यायचा. त्यातून खालचं चित्र दिसतं, म्हणून पुस्तकातल्या चित्रावर ठेवून पेन्सिलीनं गिरवता येतं आणि खडूनं रंगवता येतं. हे फलालीनवर छान राहतं आणि अगदी स्वस्त पडतं. तिसरा मार्ग जुना, डी.एड.वाला. कागदावरचं चित्र कापायचं आणि त्याच्या पाठीला काचकागदाचा तुकडा लावायचा, खरखरीत बाजू बाहेर. हा चालतो, पण तीन-चारदा लावलं की फलालीनची लव निघायला लागते. आम्ही तो सोडून दिला.

चित्र निदान तळहाताएवढं हवं. वीस मुलं बसली तर शेवटच्या मुलालाही दिसलं पाहिजे. बारीकसारीक कलाकुसर करू नका. चिमणीला पंख, चोच आणि डोळा एवढं पुरे. डोळे काळ्या शाईनं काढा. टिकली, मणी, बटण लावायचा मोह फार होतो आणि दिसतातही गोड, पण ते सुटतात आणि धाकट्या भावंडाच्या तोंडात जातात. तीन वर्षांखालचं मूल खोलीत असेल तर तोंडात मावेल असं काहीही त्या पिशवीत नको. यात आम्ही कुणाचं ऐकत नाही.

चिमणीच्या घराचं दार तीन बाजूंनी कापून एका बाजूला जोडलेलं ठेवा, म्हणजे ते खरंच उघडतं. आता या दारातून कावळा आत जात नाही, तो दारापेक्षा मोठा आहे. आम्हाला पहिल्यांदा याची काळजी वाटली. मुलांना अजिबात वाटली नाही. दार उघडायचं आणि कावळा घरावर ठेवायचा, की तो आत गेला. एकावर एक दोन थर राहतात, तिसरा घसरतो, तेवढं लक्षात ठेवा.

सांभाळायचं कसं? प्रत्येक गोष्टीची वेगळी पिशवी, आत पुठ्ठ्यावर चित्रं आडवी पसरून. घडी घातलेलं फेल्ट कायमचं वाकतं. खरी लोकर असेल तर कसर लागते, कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, डांबरगोळ्या मुलांच्या वस्तूंत नकोत.

आणि एक गोष्ट कोणत्याही पुस्तकात आम्हाला सापडली नाही, ती इथे सांगून टाकतो. सुरू करण्यापूर्वी डोक्यावरचा पंखा बंद करा. आमच्या पहिल्या कार्यक्रमात पावसाच्या आधीच सगळं उडालं होतं.

सांगण्याबद्दल थोडंच. फळा भिंतीला टेकवून किंचित मागे कलता ठेवा, सरळ उभा ठेवलात तर चित्रं गळतात. तुम्ही बाजूला बसा. चित्रं क्रमानं मांडीवर, पालथी. एका गोष्टीत सहा ते आठ चित्रं पुष्कळ झाली. आधी चित्र लावा, मग क्षणभर थांबा, मग बोला. लावता लावता बोललं की तोंड फळ्याकडे जातं आणि मुलं तुमची पाठ ऐकतात. गोष्ट वाचू नका, पाठ म्हणू नका, सांगा.

कोणत्या गोष्टी? ज्यात कुणी येतं, जातं, काहीतरी बदलतं. म्हातारी आणि भोपळा उत्तम, कारण एकच भोपळा फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि वाटेत कोल्हा, वाघ भेटतात. उंदराची टोपी तर फळ्यासाठीच जन्मली असावी. मळकी चिंधी काढायची, पांढरी लावायची, मग टोपी, मग गोंडे. ज्या गोष्टीत सगळं मनातल्या मनात घडतं ती फळ्यावर आणू नका, ती मांडीवर घेऊन सांगायची गोष्ट.

आता आमच्या विषयाकडे येतो. मुलाला ती फेल्टची चिमणी खरी वाटते का? पालक हे विचारतात, कधी काळजीनं, कधी कौतुकानं. आमच्याकडे नाट्यशास्त्राच्या चर्चेत शंकुकानं हाच प्रश्न नटाबद्दल सोडवायचा प्रयत्न केला. त्याचं मूळ लेखन आज हाती नाही, अभिनवगुप्तानं दिलेल्या माहितीतून ते कळतं. शंकुक म्हणतो, चित्रातला घोडा पाहताना हा खराच घोडा आहे असं आपल्याला वाटत नाही. हा घोडा नाहीच, असंही वाटत नाही. आहे की नाही अशी शंकाही नसते, आणि हा घोड्यासारखा काहीतरी आहे असंही आपण म्हणत नाही. या चारींहून वेगळी अशी ती प्रतीती असते. याला चित्रतुरगन्याय म्हणतात. एम.ए.च्या वर्गाला हे समजावताना आमचे दोन तास जायचे. बालवाडीत दोन मिनिटं लागली. एक मुलगी फेल्टच्या वाघाच्या तोंडात बोट घालायची, ओरडायची, बोट काढून हसायची आणि पुन्हा घालायची. वाघ खरा असता तर तिनं बोट घातलं नसतं, आणि नुसतं कापड असतं तर ती ओरडली नसती. व्यगोत्स्कीनं १९३३ साली खेळावर दिलेल्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण घेतलंय. मूल काठीला घोडा करतं तेव्हा अर्थ वस्तूपासून सुटा करायला शिकतं, पण त्यासाठी हातात काठी लागतेच. फळ्यावरचं चित्र ही तशी काठी आहे, असं आम्ही समजतो.

याच जोरावर आम्ही एक नियम केला आणि तो करण्याआधी एक चूक केली. चिमणी-कावळ्याची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दाराशी येतो आणि चिमणी आतून एकामागून एक कारणं सांगत त्याला थांबवते. शेवट घरोघरी निराळा, काही घरांत बिचारा चुलीपाशी भाजतो. एकदा पहिल्याच हाकेला एक चार वर्षांची मुलगी उठली, फळ्याशी आली, दार उघडलं आणि कावळा आत ठेवला. आम्ही हसून तो उचलला, बाहेर ठेवला आणि म्हटलं, "अजून नाही हं बाळ, चिमणीचं काम संपायचंय." ती जागेवर जाऊन बसली. पुढे सहा-सात आठवडे आम्ही कितीही बोलावलं तरी फळ्याला हात लावायला आली नाही. तेव्हा ठरवलं, आपली गोष्ट एकदा सांगून झाली की चित्रं खाली ठेवायची आणि मागे सरकायचं. आणि मधेच कुणी उठलं तर, त्या दिवशी गोष्ट तशी. आमच्यातल्या बँकेच्या मित्रांना हे अजून पटलेलं नाही. ते म्हणतात, गोष्टीला शिस्त नको का? त्यांचंही अगदीच चूक आहे असं नाही. वीस मुलं एकदम उठली तर गोष्ट राहत नाही, फक्त फळा राहतो.

आता २०१९चा ऑगस्ट. सांगलीकरांना सांगायला नको, पण इथे बाहेरगावचेही आहेत. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. शहराचा मोठा भाग पाण्यात होता, लोक उंचावरच्या शाळांत राहायला आले होते. अशाच एका शाळेत, चौथ्या की पाचव्या दिवशी, बाई म्हणाल्या, मुलं कंटाळलीत, रडतायत, आपण फळा घेऊन जाऊ. आम्ही घाईत पिशवी उचलली आणि गेलो. वर्गात सतरंज्या, गाठोडी, वाळत टाकलेले कपडे. पंचवीसेक मुलं गोळा झाली. पिशवीत सगळ्यात वर चिमणी-कावळ्याची गोष्ट होती, कारण ती आमची नेहमीची. सुरुवात केली. दोन घरं लावली. मुलं रमली. मग निळ्या लोकरीचे धागे पावसाचे म्हणून लावले, आणि सवयीनं हात कावळ्याच्या घराकडे गेला. घर ओढून काढलं.

या जागी मुलं नेहमी हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही. हातात तो तपकिरी तुकडा घेऊन आम्ही बसलो होतो आणि तेव्हा आमच्या ध्यानात आलं, आपण कुणापुढे काय करतोय ते. सत्तरी आलेल्या माणसाच्या आधी ध्यानात यायला हवं होतं.

न्यायशास्त्रात अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानलाय. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान व्हायला जमीन दिसावी लागते आणि घट आठवावा लागतो. नुसतं रिकामं कधीच दिसत नाही, कशाचं तरी रिकामं दिसतं. हा अभाव चार तऱ्हांचा. कुंभारानं घट करण्याआधी असतो तो प्रागभाव, फुटल्यावर असतो तो प्रध्वंसाभाव. जे जिथे कधीच नसतं त्याचा तिथला तो अत्यंताभाव, आणि घट म्हणजे वस्त्र नव्हे हा अन्योन्याभाव. फळ्यावर हे फार स्वच्छ दिसतं. कावळा यायचा असतो तेव्हा मुलं दाराबाहेरच्या रिकाम्या कापडाकडे बघत राहतात, तिथे त्यांना अजून न आलेला कावळा दिसत असतो. आणि घर काढलं की त्या जागी गेलेलं घर दिसतं. पुस्तकाचं पान उलटलं तर ती जागाच निघून जाते. फळ्यावर जागा तशीच राहते. म्हणून तो दिवस इतका वाईट होता. पंचवीस मुलांपुढे ती राखी जागा तशीच उघडी होती.

एक मुलगा उठला. पाचेक वर्षांचा असेल. पुढे आला, आमच्या हातातला तुकडा घेतला आणि होता तिथेच लावला. आमच्या तोंडून मास्तरकी निघाली, "अरे, ते तर वाहून गेलं ना?"

तो म्हणाला, "ते गेलं. ह्ये नवीन हाय."

नैयायिक सांगतात, प्रागभावाला सुरुवात नाही पण शेवट आहे, घट झाला की तो संपतो. प्रध्वंसाभावाला सुरुवात आहे, शेवट नाही. फुटलेला घट परत येत नाही. त्याच मातीचा, तसाच केला तरी तो दुसरा घट. आम्ही हे शिकवलंय, परीक्षेत विचारलंय, दोन-दोन गुण कापलेत. त्या मुलानं तोच तुकडा त्याच जागी लावून, घर गेलं हेही नाकारलं नाही.

मग एक मुलगी आली. तिनं ते घर उचललं आणि फळ्याच्या अगदी वरच्या कडेला नेऊन लावलं. "खाली नको, पाणी येतंय." तिच्या मागून आणखी दोघं आली आणि चिमणीचं घरही वर नेलं, कारण मेणाचं असलं म्हणून काय झालं. पाऊस खाली राहिला. कावळा कुणीतरी त्याच्याच घरात ठेवला. दार ठोठावण्याचा प्रसंग आलाच नाही, गरज उरली नव्हती. आम्ही गोष्ट पुरी केली नाही.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, छान झालं. आम्हालाही परतताना रस्त्यात तसं वाटायला लागलं होतं. बाईंनी थांबवलं. त्या म्हणाल्या, उठली ती पाच-सहा मुलं तुम्ही बघितली. खिडकीजवळची एक छोटी तुम्ही घर काढलंत तेव्हाच उठून आईच्या पदरात गेली आणि परत आली नाही, ती बघितलीत? आम्ही बघितली नव्हती. शिंपीकाकांचं मत वेगळं. ते म्हणतात, पाऊस नसलेली गोष्ट सांगितली असती तर मुलं ऐकून झोपली असती, पण घर वर न्यायचं कुणी केलं नसतं. हा वाद चौघांत अजून चालू आहे. आज आम्हाला विचाराल तर, ती गोष्ट त्या दिवशी आपणहून काढायला नको होती, कुणी मागितली असती तर नाही म्हणायला नको होतं. पण हेही आम्ही दर वेळी थोडं वेगळं सांगतो.

त्यानंतर फळ्यात दोन बदल केले. जिथे काही हरवतं, मोडतं, मरतं अशी गोष्ट असेल तिथे ते चित्र आम्ही स्वतः काढत नाही. पाऊस लावतो, थांबतो आणि मुलांना विचारतो, आता काय? बहुतेक वेळा कुणीतरी उठून घर काढतं आणि हसतंही. एखाद्या वर्गात कुणी उठत नाही. मग घर राहतं, आणि कावळा छत्री मागायला चिमणीकडे जातो. छत्री कापून ठेवली आहे.

दुसरा बदल असा की कावळ्याच्या पिशवीत आता शेणाची दोन घरं असतात, एकसारखी. ती का आहेत हे आम्ही सांगत नाही. काही मुलं दुसरं घर वाहून गेलेल्याच्या जागी लावतात. काही त्याला गोठा करतात. परवा एकानं ते चिमणीच्या घराला चिकटून लावलं आणि म्हणाला, शेजारी.

बरं. बोलणं पुष्कळ झालं. समोरच्या टेबलावर फलालीन, फेल्ट, पेस्टिंग आणि कात्र्या ठेवल्या आहेत. शिंपीकाका आलेच आहेत, ते दाखवतील. प्रश्न असतील तर कापता कापता विचारा. तेवढा तो पंखा कुणीतरी बंद करा.